पाखरीचा पाय

किल्ले सोनधऱ्याच्या पूर्वतटावर तांबडे फुटत होते, आणि खाली दरीत साचलेल्या धुक्यात शत्रूच्या छावणीतल्या चुलींचा धूर मिसळून सारा मुलूख एकाच राखी पांघरुणाखाली निजल्यासारखा दिसत होता. निजले मात्र कोणीच नव्हते. वेढ्याला तिसरा महिना लागला होता. तोफेच्या गोळ्याने बालेकिल्ल्याचे टाके फुटून पाणी कड्यावरून वाहून गेले होते, उरलेले घोटाघोटाने वाटले तरी फार तर आठ दिवस पुरणार होते. पलीकडच्या घाटात थांबलेल्या आपल्या फौजेला ही खबर पोहोचली नाही तर गड जाणार, हे आता लहान पोरांनाही सांगावे लागत नव्हते.

जासुदाने खबर न्यायची होती पाखरीच्या पाठीवरून. धनगरांच्या चोरवाटेने कडा उतरू शकेल असे पागेत एवढे एकच जनावर उरले होते, बुटकी, रुंद छातीची भीमथडी घोडी. तिची निगा राखणारा मोतद्दार म्हाळू त्या सकाळी तिच्यापाशी गेला, तेव्हा तिचा उजवा मागचा पाय काठीसारखा ताठ होऊन मागे राहिला होता. खूर जमिनीवर फरफटत होता, पाय वाकता वाकत नव्हता, आणि भ्यालेली घोडी मान उडवून दावे तोडू पाहत होती.

हे दुखणे म्हाळू ती शिंगरू होती तेव्हापासून ओळखत होता. मांडीखालच्या सांध्यावरची हाडाची वाटी वर चढून अडकली की पायाला कुलूप लागते. रोज चढणीची चाल असली, मांडी भरलेली राहिली, की वाटी आपली जागा सोडत नाही; जनावर दिवसचे दिवस ठाणावर उभे राहिले की मांडी वाळते आणि वाटी धरते. नऊ वर्षांत म्हाळूने तिचा चढ एक दिवस चुकू दिला नव्हता. गेल्या पंधरवड्यात मात्र पागेचे हवालदार दर्याजीराव यांचा हुकूम झाला होता, की पाखरी राखीव आहे, तिला मानाच्या ठाणावर बांधा, तूप घाला, चंदी घाला, पण दावे सोडू नका. कामगिरीवर निघायच्या जनावराला असा मान देण्याची गडावर चालच होती, त्यामुळे कोणी हूं की चूं केले नाही. म्हाळूनेही केले नाही, आणि तेच आता त्याला डाचत होते.

त्याने एका हाताने तोंडाची मोहरकी धरून घोडीला मागे रेटले आणि दुसऱ्या हाताचा तळवा वाटीवर ठेवून ती आत, खाली दाबली. खट् असा आवाज झाला आणि पाय सुटला. तो तिला फिरवू लागला तोच दारातून आवाज आला.

"कोणाच्या हुकमाने घोडी सोडलीस?" दर्याजीराव उभे होते.

"पाय धरला व्हता, धनी. फिरवाया पायजे."

"पाय दुखावला आहे तिचा. बांध. आम्ही सदरेवर वर्दी देतो की घोडी कामातून गेली. आता शत्रूकडे शरणागतीचा कौल मागण्यावाचून इलाज नाही."

ते पाठ फिरवून गेले आणि म्हाळू चरकला. नऊ वर्षांपूर्वी शिंगरू पाखरीचा पाय पहिल्यांदा धरला, तेव्हा तो याच माणसाकडे रडत धावला होता. याच माणसाने त्याचा तळवा हातात घेऊन वाटी कुठे दाबायची ते दाखवले होते आणि हिला उभी ठेवू नकोस म्हणून दहादा बजावले होते. मग त्यानेच तिला पंधरा दिवस बांधून का घातले? म्हाळूने घोडी तशीच सोडली आणि तो सदरेकडे धावला.

सदरेवर दर्याजीरावांची वर्दी ऐकून किल्लेदार निळोजीराव पिंजऱ्यातल्या वाघासारखे येरझाऱ्या घालत होते. म्हाळूने मुजरा केला तो अर्धामुर्धाच.

"सरकार, घोडी लंगडी न्हाई, तिला बांधून लंगडी केलीया. ह्ये दुखणं उभं ऱ्हाऊन वाढतं, ह्ये मला कुणी शिकवलं ते हवालदारांनीच सांगावं."

"मोतद्दाराच्या बोलण्यावर सदर चालणार असेल," दर्याजीराव थंडपणे म्हणाले, "तर आमची पंचवीस वर्षांची चाकरी मातीत गेली म्हणायची."

किल्लेदार थांबले. "पुरावा काय, म्हाळू?"

"घोडीच. मी सवता तिला घिऊन जातो. वाटेत पाय धरला तर जासुदाला सोडवता यायचा न्हाई."

"आणि घोडी अडली तर? हवालदारांवर किटाळ घेतलेस. तुझी बायको आणि लेक गडावर आहेत, हे ध्यानात ठेवून बोल."

"ध्यानात हाये सरकार, म्हनूनच बोलतोय."

निळोजीरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. मग त्यांनी खलिता म्हाळूच्या हाती दिला आणि दर्याजीरावांना खबर येईतो पहाऱ्यात ठेवण्यास फर्मावले.

धुके होते तोवर निघणे भाग होते. खुरांना गोणपाट बांधून म्हाळू घोडीसह कडा उतरला. पण पायथ्याच्या करवंदीच्या जाळीत शिरतो न शिरतो तोच शत्रूची गस्त समोरच येऊन टेकली आणि चिलमी पेटवून गप्पा मारीत बसली. आता हलायची सोय नव्हती, आणि उभे राहणे हाच तर पाखरीचा काळ होता. म्हाळू तिला बोटाने टोचून भार या पायावरून त्या पायावर घ्यायला लावत होता, मनातल्या मनात खंडोबाला हाका मारत होता. चिलमी काही संपेनात. अखेर व्हायचे तेच झाले. पाय मागे ताठ झाला.

सोडवला तर खट् वाजणार, न सोडवावा तर धुके विरणार. लेकीचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. तो घोडीच्या मांडीशी बसला, मोहरकी ओढली आणि वाटी दाबली.

"कौन है?"

तो उडी मारून पाठीवर चढला. बंदुकीचा बार झाला, उजवा खांदा फाटला, पण पाखरी सुटली ती सुटलीच. घाटाची चढण तिने अशी घेतली, की आपल्या फौजेच्या चौकीदारांनी आधी रिकामी घोडीच आली असे मानले. म्हाळू तिच्या मानेवर आडवा पडला होता.

पाचव्या दिवशी फौज उतरली आणि वेढा उठला. शत्रूच्या डेऱ्यात दर्याजीरावांचे मोहोरबंद पत्र सापडले. त्यांचा एकुलता मुलगा शत्रूच्या कैदेत होता. गडावरून घोडी उतरली नाही तर तो सुटणार होता. आता आपल्याच फौजेने त्याला जिवंत सोडवून आणले होते.

सदरेने कडेलोट ठरवला. निळोजीरावांनी म्हाळूच्या धडक्या हातात सोन्याचे कडे चढवले, तेव्हा तो म्हणाला, "कडं नगं सरकार. हवालदारांचा जीव द्या."

"पाण्यावाचून तीन तान्ही गेली, म्हाळू. गड विकायला निघालेल्याला सोडले, हे त्यांच्या आयांना आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे?"

म्हाळू मुजरा करून दर्याजीरावांच्या कोठडीपाशी गेला. दर्याजीरावांनी मुलाबद्दल विचारले नाही, शिक्षेबद्दलही नाही.

"वाटेत पाय धरला?"

"धरला धनी. गस्तीच्या तोंडाशीच."

"मग?"

"तुमी शिकवला तसा सोडवला."

"बरे केलेस," दर्याजीराव म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. म्हाळूने गजांतून डावा हात घालून त्यांच्या पायाला लावला, आणि पहारेकऱ्यांची लाज न धरता तो ढसाढसा रडला.