झडप उघडू नये

तो गेला. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. पुढे चला.

दाबमापक दुरुस्त करणारा प्रयोगशाळेत आला, तेव्हा मी पोलादी भांड्यासमोर जांभया देत बसले होते.

"मॅडम, मोजताय काय?"

"एन्ट्रॉपी."

"तिचं मीटर कुठाय?"

"नसतंच. पसरायला जागा मिळाली की ती किती वाढते, हे हवं असेल तर उलट करायचं. भांडं घट्ट बंद, मग तापवायचं, आणि दाब किती चढतो ते बघायचं. दोन्ही आकडे एकच."

"असं कोण म्हणतं?"

"मुक्त ऊर्जा. तिला आधी तापमानाचं विचारा, मग आकारमानाचं... किंवा उलट. उत्तर तेच."

"माझी आईच म्हणा की! आधी लग्नाचं विचारा, मग तब्येतीचं... उत्तर तेच. 'जेवलास का?'"

मी हसले. तोही हसला, मग खोकला. रुमाल झटकन खिशात गेला, पण लाल डाग मला दिसलाच.

"फुप्फुसं भाड्याची आहेत," तो म्हणाला. "मालक जागा खाली करा म्हणतोय."

दाबमापक पहिल्याच दिवशी नीट झाला. तरी तो रोज येत राहिला. दाबमापकाची तब्येत विचारायला म्हणे.

एकदा भांडं तापवलं, तर काटा ढिम्म.

"झडप उघडी राहिली," तो म्हणाला. आयुष्य झडपांत गेलेला माणूस!

"तुमच्याकडून?"

"तुम्ही केस बांधत होतात..."

मी भट्टी बंद केली. भांडं निवताना खोलीतली हवा आत ओढत राहिलं, आणि तो भांड्याच्या उघड्या तोंडाशी बसून मला हसवत राहिला — हसत, खोकत. मग त्याने स्वतःच्या हाताने झडप आवळली. पुन्हा तापवलं. तो काट्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

"चढतोय," तो हळूच म्हणाला.

"हं."

"म्हणजे... आहे?"

"थेट मोजता येत नाही," मी म्हणाले. "पण आहे."

त्याने माझा हात धरला. त्याचा हात गरम होता. ताप होता, पण मी तो हिशेबात धरला नाही.

आता ते पहिलं वाक्य वाचा.

त्याने आवळलेली झडप त्यानंतर कोणी उघडलेली नाही. जुनी उपकरणं सोमवारी भंगारात निघणार आहेत, हे भांडंही. म्हणून अर्ज केलाय:

माननीय संचालक यांस, सविनय विनंती की सदर भांड्याची झडप कोणीही उघडू नये, त्याचं आकारमान कायमस्वरूपी स्थिर ठेवावं, आणि विश्वाची एन्ट्रॉपी वाढवण्याचं काम पुढील आदेशापर्यंत स्थगित करावं.