हौशीराम प्यायला होता का?

“माझा नवरा पिऊन मेला न्हाई, ताई. उद्याच्या आत ह्ये गावाला पटलं पायजे.”

लोणावळ्याच्या बाजारात गुप्तहेर फलक मुजावरचं लहानसं कार्यालय होतं. तिथे सविता उभ्यानेच बोलत होती. जवळच्या औंढे गावातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून तिने बायका गोळा केल्या होत्या. उद्या त्यावर गावात मतदान होतं. पण मागच्या आठवड्यात तिचा नवरा हौशीराम गेला आणि तो झिंगूनच मेला, असं गावभर झालं. जिला घरातली बाटली आडवी करता आली नाही, तिच्यामागे कोण येणार?

निम्मं आयुष्य पिण्यात घालवून हौशीरामने दिवाळीला दारू सोडली होती. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण फुप्फुसातला जंतुसंसर्ग लिहिलं होतं.

“शपथा मोडतात,” औंढ्याकडे गाडी चालवताना फलकचा सहकारी आदिनाथ म्हणाला. फलकने आधी दारूच्या दुकानापाशी गाडी थांबवायला सांगितली.

दुकानदार सत्यमने खुशीत सांगितलं, की आजारी पडला त्या दिवशी हौशीराम भल्या सकाळी दुकानावरून भेलकांडत गेला. जीभ जड, हात लटपटत होते, घराची वाटही चुकला.

“वास कसला होता? देशी की हातभट्टी?”

सत्यम अडखळला. “गोडसर, कुबट. नक्की नाही सांगता येणार. पण पिल्याशिवाय माणूस असा डोलतो का?”

हौशीरामची आई बयाबाई चुलीपाशी बसली होती. पोराच्या हातापायांच्या काटक्या झाल्या होत्या, पण पायजम्याची नाडी पोटाला पुरत नव्हती, असं ती म्हणाली. रात्री टक्क जागा, दिवसा झोप. त्या दिवशी सकाळपासून झिंग वाढतच गेली. दुपारी झोपून उठला तो आणखीच बरळायला लागला आणि सांजेला उठेचना.

धाकटा भाऊ धोंडिबा सगळ्यात तावातावाने बोलला. “वैनीनं बायकांत मिरवावं आन दादानं चोरून प्यावी. सांजेला उतरावी म्हनून मीच उताना धरून तांब्याभर ताक पाजलं. समदी असंच करत्यात. लय खोकला, काळानिळा पडला. मग ताप चढला, छाती घरघरायला लागली.”

बाहेर येताच आदिनाथने मान हलवली. “संपलं. तिघांनीही त्याला नशेत पाहिलं.”

“तिघांनी डोलताना पाहिलं. पिताना एकाने तरी पाहिलं का?”

फलकने सविताला आणि घरच्या सगळ्यांना ओसरीवर बसवलं, सत्यमलाही बोलावून घेतलं, आणि मुलांना समजावून सांगावं तसं बोलू लागली.

“सत्यम, दिवसभर दारू विकणाऱ्या तुला दारूचा वास ओळखता आला नाही, कारण तो दारूचा नव्हताच. आणि मावशी, प्यायलेल्याची झिंग झोपेने उतरते, याची वाढली. आपलं यकृत रक्तातलं विष गाळतं. वर्षानुवर्षांच्या दारूने ते दगडासारखं झालं. पोटात पाणी साठलं, अंग वाळलं. न गाळलेलं विष मेंदूत गेलं. म्हणून झोप उलटी झाली, हात लटपटले, जीभ जड झाली, तोंडाला कुबट वास आला. हौशीराम त्या दिवशी थेंबभरही प्यायला नव्हता.”

“मग मेला कशानं?” धोंडिबाने विचारलं.

“शुद्धीत नसलेल्या माणसाला गिळता येत नाही. ताक श्वासनळीत गेलं. निरोगी फुप्फुसांनी कदाचित झुंज दिली असती. पण दारूने त्यांचीही ताकद आधीच खाल्ली होती. अशा माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि दवाखाना गाठायचा.”

धोंडिबाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बयाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

फलक सविताकडे वळली. “गावाला एवढंच सांगा, की ते प्यायले नव्हते. तेवढं पुरेल.”

“अर्धं का सांगू?” सविता उठली. “सोडली व्हती, ह्ये सांगन. सोडल्यावरबी दारूनंच मारला, ह्येबी सांगन. ताक कुनी पाजलं त्ये मातुर इचारायचं न्हाई. मी घरात असते, तर मीबी पाजलं असतं.”

सत्यम हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, “मेलेल्या नवऱ्याच्या नावावर मतं मागणार का, वहिनी?”

“व्हय,” सविता म्हणाली. “तुमी त्याच्या नावावर दुकान वाचवाय निघालाच व्हता की.”

आणि ती घरोघर सांगायला निघाली. धोंडिबाने डोळे पुसले, चपला घातल्या आणि वहिनीच्या पुढे जाऊन पहिल्या घराची कडी वाजवली.