भांगेच्या शेतातले तीनशे खड्डे

"माझ्या शेतातली तीनशे झाडं कुणीतरी नेली," इनेसे म्हणाली. "नेमकी नर झाडं. आता माद्यांना दाणा धरणार नाही!"

तेक्लाबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. रेझेक्नेत खासगी तपासाची पाटी लावून त्यांना वीस वर्षं झाली होती. चोरीला गेलेल्या मधाच्या पेट्या त्यांनी शोधल्या होत्या, भांग मात्र पहिल्यांदाच.

"नशेसाठी नेली असेल," त्यांचा मदतनीस इवार्स म्हणाला.

"आमच्या भांगेनं कोंबडीलासुद्धा नशा चढत नाही!" इनेसे फणकारली. "दाणे भाजून, वाटून मी लोणी करते. बियाणं माझ्या नवऱ्यानं बारा वर्षं जपलेलं. शेत तोच बघायचा. मार्चमध्ये तो गेला. ही माझी पहिली पेरणी. दाणा भरला नाही तर ते बियाणं संपलंच. हे काम शेजारच्या गुंटिसचं. उद्या फिर्याद करणार आहे मी."

तिघं इनेसेच्या गावाकडे निघाली. वाटेत चर्चच्या घंटेला निळा प्लास्टिकचा दोर लोंबत होता.

"जुना हिवाळ्यात तुटला," इनेसे म्हणाली. "नवऱ्याच्या अंत्यविधीची घंटा यावरच वाजली."

शेतात एकही बुंधा कापलेला नव्हता. झाडं मुळासकट उपटून माती तिथेच झटकली होती. शेजारच्या मादी झाडांचं पानही मोडलं नव्हतं.

"कधी झालं हे?"

"तीस जुलैला. बारा दिवस झाले."

गुंटिस औषधी तेलासाठी भांगेचे फुलोरे वाढवायचा. तो तोंडानं फटकळ होता.

"भांडलो होतो, कबूल! तिचा पराग माझ्या फुलोऱ्यावर पडला की त्यात बी धरतं, मग तेल कुठलं? सव्वीस जुलैला, संत आनाच्या सणाला, माझ्या खिडक्या परागानं पिवळ्याधमक झाल्या होत्या. हे बघा." त्यानं एक फुलोरा चिमटला. आत हिरवं बी होतं. "आता तिची झाडं उपटून काय लोणचं घालू?"

इनेसेचे सासरे दोनात्स, वय एक्याऐंशी, तळ्याकाठी बाकावर हात खिशात घालून बसले होते. तिथल्या वासानं इवार्सनं नाकाला रुमाल लावला.

"मासे मेलेत," दोनात्स म्हणाले.

पाण्यावर एकही मासा तरंगत नव्हता. काठाजवळ मात्र फळ्या बुडवून त्यांवर दगड ठेवले होते. तेक्लाबाईंनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तेव्हा म्हाताऱ्यानं नाइलाजानं आपला हात खिशातून काढला. तळव्यावर ताजे फोड होते.

"काम करता की काय अजून?"

"छे! सूनबाईनं पेरणीच्या वेळी सांगितलं, बाबा, तुमच्यानं होत नाही, बसा आता. बसलोय."

तेक्लाबाईंनी गुंटिसला बोलावून घेतलं आणि सगळ्यांना शेतात उभं केलं. मादी झाडाचं एक बोंड तोडून त्यांनी चिमटलं. दाण्यातून पांढरं दूध आलं.

"चावून बघ, इनेसे. दाणा भरतोय. पराग सव्वीसलाच झडला होता, झाडं गेली तीसला. गुंटिसचं नुकसान आधीच झालं होतं, त्याला उपटून काय मिळणार? आणि रागावलेला माणूस झाडं कापतो, तुडवतो. इथं एक पान मोडलेलं नाही."

"मग नेली कुणी?" इवार्सनं विचारलं.

"पराग झडला की नराचं काम संपतं, पण त्याचा धागा तेव्हाच सगळ्यांत मऊ असतो. मुळासकट उपटायचा, दगडाखाली पाण्यात कुजवायचा. मासे मेले नाहीत, इवार्स, उरलेली भांग भिजतेय. फोड आलेत ते आधी निघालेला धागा झोडून. काय दोनात्सकाका?"

दोनात्स कोठाराकडे चालू लागले. आत राखाडी, चकचकीत धाग्याच्या जुड्यांजवळ अर्धा दोर पडला होता.

"माझ्या लेकाची घंटा प्लास्टिकवर वाजली," ते म्हणाले. "ह्या गावात पुन्हा कुणाची तशी वाजणार नाही. दोर त्याच्याच भांगेचा असेल."

"मला का नाही सांगितलंत, बाबा? गुंटिसवर फिर्याद करणार होते मी!"

"तुला फिर्यादीला जाऊ दिलं नसतं. पण त्याआधी दोर पुरा करून तुझ्यापुढं टाकायचा होता. बसवून ठेवलेल्या माणसानं वळलेला."

इनेसेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती गुंटिसकडे वळली. "माझं चुकलं रे."

"पुढच्या वर्षी पेरण्याआधी बोलू," गुंटिस पुटपुटला. "आधी घंटा वाजू दे."

दोनात्सनी धाग्याची तीन टोकं तिच्यापुढं धरली. "पिळायला दोघं लागतात. दुसरं टोक फळीला बांधून एकटाच धडपडत होतो."

इनेसेनं बाह्या सारल्या आणि टोकं घेतली.

"घट्ट धर, सूनबाई," म्हातारा ताठ उभा राहून म्हणाला. "आपल्या घरचा दोर आहे."