ब्रेकमधलं ऑइल

"एक, दोन, तीन... ढकल!"

प्राची, धनेश आणि रिया, तिघांनी मिळून लाल गाडीला खांदा लावला. गाडी जागची हलली नाही.

"अरे, जोर लाव ना! तीन बशा पोहे खाल्लेस, ते कुठं गेले?" प्राची धाकट्या भावावर डाफरली.

"मी लावतोय गं! रियाताईच नुसती हात टेकून उभी आहे, फोटो काढल्यासारखी!"

रिया त्यांची आतेबहीण. मे महिन्याच्या सुट्टीत शेलूहून दहिवलीला आलेली. एरवी तिनं धनेशचा कान पिळला असता. आज ती गाडीच्या चाकाकडे बघत होती.

"परवा आपण दोघींनीच हिला शेडबाहेर काढलं होतं," ती हळूच म्हणाली. "आज तिघं आहोत. आणि हँडब्रेक सोडलेला आहे, मी पाहिलाय."

वर उन्हानं पत्रा तडतडला. कुणीतरी खालून चारही चाकं घट्ट धरून बसावं, तशी गाडी उभी होती.

गाडी होती मात्र देखणी! दोनच माणसांची, कापडी छपराची, सुसरीसारख्या लांब नाकाची. तरुणपणी आबाजी, म्हणजे यांचे आजोबा, खोपोलीच्या एका शेटकडे ड्रायव्हर होते, तेव्हा ही गाडी तेच चालवत. पुढे शेट गेले, आणि गाडी गोदामात पडली. तिच्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली. जगदीशकाकानं ती घरी आणली, आणि मोहोपाड्याच्या कारखान्यातली ड्यूटी संपवून आल्यावर तीन वर्षं तिचा एकेक स्क्रू घासला. आज दुपारी चारला निघायचं होतं. जुन्या गाड्यांची फेरी खोपोलीहून घाट चढून खंडाळ्याला जाणार आणि तसाच घाट उतरणार. काकाच्या शेजारी बसणार होते आबाजी. अठ्ठेचाळीस वर्षांनी!

"काका!" प्राची ओरडली. "चाकं फिरत नाहीयेत!"

काका अंगणात फोनवर होता. त्यानं फोनवर हात ठेवला. "ब्रेक नवीन आहेत गं. घासून घासून बसतील. इंजिन ओढेल तिला!"

त्याचा मित्र संतोषकाका पायरीवर कलिंगड खात होता. "पोरींनो, गाडी म्हणजे भातुकली नाय," तो बी थुंकून म्हणाला. "जा, काचा पुसा!"

प्राचीनं काचा पुसल्या नाहीत. तिनं बॉनेट उघडलं. ब्रेकच्या टाकीचं झाकण फिरवून काढलं. झाकणातली रबराची चकती चहात बुडवलेल्या बटरसारखी फुगली होती! फळीवर तशीच एक कोरी चकती पडलेली. ती मेली निम्मीसुद्धा नव्हती.

"ही कशानं फुगली?" धनेशनं विचारलं. त्याचा आवाज आपोआप बारीक झाला.

"ब्रेक ऑइलनं फुगेल?" प्राची स्वतःशीच म्हणाली.

"मग जगदीशमामानं फळीवरच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीत टाकून ठेवलेल्या चकत्या का नाही फुगल्या?" रिया म्हणाली.

प्राचीला एकदम आठवलं. गेल्या महिन्यात धनेशनं मडगार्डवर ब्रेक ऑइल सांडलं होतं. रंग जाईल म्हणून काकानं धावत येऊन बादलीभर पाणी ओतलं, आणि डाग क्षणात धुऊन गेला.

"तेलाचा डाग नुसत्या पाण्यानं जातो का रे?"

"आई तर म्हणते, जन्मात जात नाही!"

"म्हणजे ते पाण्यात मिसळतं. पळ! दोन ग्लास पाणी आण. आणि औषधाची रिकामी पिचकारी!"

फळीवरच्या बाटलीतले चार थेंब पहिल्या ग्लासात पडले, आणि विरघळून गेले. गाडीतले चार थेंब दुसऱ्या ग्लासात पडले. ते वर आले आणि पिवळ्या डोळ्यासारखे तरंगत राहिले.

"तेल!" रिया पुटपुटली. "ब्रेकमध्ये कुणीतरी खरं तेल घातलंय!"

तिघं ग्लास घेऊन अंगणात धावली. काकानं ग्लासाकडे नीट पाहिलंही नाही. "पाणी नको मला. आणि चाळीस गाड्या थांबल्यात तिकडे, आता भुणभुण बंद!"

पावणेचार वाजले. आबाजी बाहेर आले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली, नाहीतर बॉनेटमध्ये पहिलं डोकं त्यांचंच असतं. शेजारच्या जिजाकाकी चाकाखाली ठेवायला लिंबं घेऊन आल्या होत्या.

"जिजा, आमच्यात लिंबं नाय ठेवत. सरबत कर त्यांचं," आबाजी हसले. इतके हसलेले ते प्राचीनं कधी पाहिलेच नव्हते.

या हसण्याला आपणच आडवं जायचं? पण डोळ्यांपुढे घाटाचं ते वळण आलं. डाव्या हाताला नुसती दरी.

काका टोपी आणायला घरात गेला. "धनेश, शेडच्या दारात उभा राहा," प्राची म्हणाली, आणि बॉनेटखाली वाकली. शेटच्या पोरांनी गाडी पळवू नये म्हणून आबाजी काय करत, ते त्यांनीच तिला दाखवलं होतं. इंजिनात ठिणगी वाटणाऱ्या डबीच्या दोन क्लिपा सोडायच्या, तिचं झाकण उचलायचं, आणि आतला बोटाएवढा रोटर खिशात घालायचा. रोटर नाही तर ठिणगी नाही. ठिणगी नाही तर गाडी नाही!

काकानं किल्ली फिरवली. घुर्रर्र... घुर्रर्र... काही नाही. पुन्हा घुर्रर्र. काका घामाघूम झाला.

"सकाळी तर चालू झाली होती!"

हीच वेळ! प्राची मधासारख्या आवाजात म्हणाली, "संतोषकाका, काल ब्रेकचं काम तुम्हीच केलंत ना हो? ऑइल कुठलं घातलंत? काकाच्यापेक्षा भारी असणार!"

संतोषकाका फुलला. "मग काय! मला हलकंसलकं चालतच नाय." आणि तो कोपऱ्यातला कॅन उचलूनच घेऊन आला. "हे बघ. एक लंबर!"

काकाचा हात किल्लीवरच थिजला. "संत्या... हे इंजिनचं आहे."

"ऑइलच हाय ना? तूच फोनवर बोललास, ब्रेकमध्ये ऑइल टाक. टाकलं!"

"पण बाटलीवर ऑइल लिहिलेलंच नाहीये," रियानं फळीवरची बाटली पुढे केली. "ब्रेक फ्लुइड लिहिलंय."

सगळ्या तालुक्याचे मेकॅनिक ज्याला ऑइल म्हणत आले, ते तेल नव्हतंच! कुणी बाटली वाचायची तसदीच घेतली नव्हती. प्राचीनं दोन्ही ग्लास आणि ती फुगलेली चकती बॉनेटवर मांडली, आणि शेजारी खिशातला रोटर ठेवला.

आबाजींनी ती चकती उचलून बोटांत दाबून पाहिली.

"रबर फुगलं की आधी ब्रेक सोडत नाय," आबाजी सावकाश म्हणाले. "मग तो तापतो. चढावर काय कळत नाय रं. उताराला मात्र..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. काकानं किल्ली काढून घेतली.

"आबाजी, तुमची फेरी..." प्राची म्हणाली.

"गप गं. तीस वरसं डायवरी केली मी. गाडी पळवणारे लय बघितले. थांबवणारी आज बघितली!" त्यांनी रोटर तिच्या तळहातावर परत ठेवला. "हा तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. तू म्हणशील तवाच गाडी निघंल."

"मंजूर," काका खालच्या आवाजात म्हणाला. "मी एकदा वळून बघायला हवं होतं." संतोषकाका बाटलीवरचं अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचत होता. धनेशनं त्याला तशी शिक्षाच दिली होती!

चार वाजले. चारही चाकांना दगड लावलेले. आबाजींनी दार उघडलं, आत बसले आणि शेजारची सीट थोपटली. "बस गं, डायवरीण!"

प्राची स्टिअरिंगमागे बसली. गाडी तसूभरही हलली नाही. पण समोरच्या कडुनिंबाजवळ घाटाचं पहिलं वळण आल्यासारखं आबाजींनी तिचा उजवा हात धरून गाडीबाहेर काढला, आणि जुन्या ड्रायव्हरांसारखी वळायची खूण कशी करायची, ते तिला शिकवलं.