सोडलेली जागा

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत ती फुटलेल्या मातीच्या पाट्या जोडायची. नवऱ्याच्या भाषेत, चिखलाची डॉक्टर. त्या सकाळी टेबलावर आलेल्या पाटीवर एकच संख्या होती. ओल्या मातीत बोरूनं टोचून उमटवलेल्या, पाचरीसारख्या खुणांची. पूर्वी कुणीतरी पाटीचे दोन तुकडे घट्ट भिडवून चिकटवले होते.

"चुकलंय ते," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "ही पाटी लिहिणाऱ्या लोकांकडे शून्याला चिन्ह नव्हतं. शून्य असेल तिथं नुसती जागा सोडायचे. ती बुजवली आणि संख्याच बदलली. मोकळी कर."

तिनं जुना डिंक विरघळवला, तुकडे बोटभर लांब केले आणि मधे कोरी माती भरली. काम झकास झालं.

संध्याकाळी घरी आली, तर नवरा आणि सहा वर्षांची लेक सोफ्याच्या दोन टोकांना अंग चोरून बसलेले.

"भांडलात की काय?"

"छे! कुठं काय?" नवरा म्हणाला.

ती मधे बसायला गेली, तशी लेकीनं तिचा हात धरला. "आई, तिथं नको ना."

तिला हसू आलं. पण जेवताना नवऱ्यानं आपली खुर्ची सरकवून मधे जागा केली, कुणी न सांगता. जेवणानंतर फिरायला निघाले, तर जिना उतरताना बापलेक दोन बाजूंच्या भिंतींना घासून चालले. तिनं विचारलं, तर नवरा चक्रावून बघत राहिला. आपण असं काही केलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

परत आल्यावर तिनं सोफ्याकडे नीट पाहिलं. मधली गादी दबली होती. हात लावला, तर ऊबदार.

तिनं हात झटकन मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी कुणालाही न विचारता तिनं मधली माती खरवडून काढली. तुकडे पुन्हा भिडवले. सांधा घट्ट बसला.

घरी लेक बापाला खेटून सोफ्यावर झोपली होती. तिच्या जीवात जीव आला.

"बरं नाही का हिला?"

"दमलीये. दुपारपासून नुसती झोपून आहे," नवरा म्हणाला. "मधेच उठून म्हणाली, दाटी होते."

"कुठं?"

"तेच कळेना. एवढं घर रिकामं पडलंय."

ती लेकीला उचलायला वाकली.

उचलवेना. दोघांचं वजन असावं तशी जड.

तिनं लेकीच्या छातीला कान लावला. श्वास संथ चालला होता. आत जात होता तेव्हाच, अगदी त्याच क्षणी, बाहेरही येत होता.