तिसऱ्या हाकेला ओ

केदारखेड्याचा सोमेश्वर लाऊडस्पीकरवाला. त्या दिवशी संध्याकाळी त्याला राजूरला भजनाला जायचं होतं. जालन्याहून नवा मिक्सर आणला होता. वाटण वाटायचा नव्हे, आवाजाचा, चार रांगा बटणांचा. कार्यक्रमात फजिती नको म्हणून दुपारचं जेवण झाल्यावर त्यानं तो घरच्या ओट्यावर मांडला.

घर शेतात. ओट्यापुढं लिंब, लिंबापलीकडं विहीर. गेल्या साली पाणी शेंदताना पाय घसरून त्याची बायको साधना त्याच विहिरीत गेली. मागं सहा वर्षांची तृप्ती राहिली.

तेव्हापासून त्या घरात एक नेम होता. सोमेश्वरची माय चतुराबाई रोज सकाळी नातीची वेणी घालताना तो बजावायची. "हाक आली की लगेच ओ द्यायची न्हाई. मोजायचं. गेलेलं माणूस एकदाच हाक मारतं, त्याच्यात तेवढाच दम असतो. आपण घरचे तीनदा मारू. तिसरीला ओ द्यायची."

"अन् पहिलीलाच दिली तर?"

"मंग ते घेऊन जातं, बाई."

भर दुपारी कधीमधी विहिरीकडून एक हाक यायची. आजीला यायची ऐकू, नातीला यायची. सोमेश्वरला कधी आली नव्हती. पोर खेळता खेळता थांबायची, एक बोट मोडून दुसरीची वाट पाहायची. दुसरी यायची नाही. पोर पुन्हा भातुकलीत रमायची.

तर सोमेश्वर मिक्सर पारखत बसला. तृप्ती लिंबाखाली भातुकली मांडून बसली होती. भजनी मंडळाला आवाज देवळात घुमल्यासारखा पाहिजे होता. त्यानं एक बटण फिरवलं. माईकमध्ये "रामकृष्ण" म्हटलं की स्पीकरच्या डब्यातून तीनदा ऐकू यायला लागलं, दर खेपेला जरा हळू. दुसरं फिरवलं, तसा आवाज थरथरायला लागला.

"हे काय करून राह्यलास रे?" चतुराबाईनं आतून विचारलं.

"इको लावलाय, माय. एकाचे तीन करतो."

"पाण्यात पडल्यावानी आवाज झालाय त्याचा."

"लोकांना तसाच लागतो. तू ये, एक ओवी म्हण. म्हशी शेरभर जास्त दूध देतील."

"तुझ्या डबड्यात तूच म्हण. जल्दी आवर, नादी लागलेल्या पोरावानी बसलाय."

तो हसला. शिट्टी वाजू नये म्हणून माईकचं तोंड डब्याकडून फिरवून त्यानं लिंबाकडं केलं, मिक्सर तसाच चालू ठेवला आणि पाणी प्यायला आत गेला.

बाहेर वारं पडलं. लिंबावरचे होले घुमत होते, तेही गप झाले. डब्यातून नुसती बारीक खरखर येत होती. मग ती खरखरही दबली, कुणी माईकपाशी श्वास घ्यावा तशी.

"तृप्ते..."

सोमेश्वरच्या हातात तांब्या तसाच राहिला. वर्षभरानं तो आवाज कानावर आला होता. ओला, थरथरता, पण साधनाचाच.

"तृप्ते..."

चतुराबाई भिंतीला धरून उठली. "सोम्या... दुसरी आली रे. दुसरी कशी आली?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. एकाचे तीन. त्यानंच लावलेले. तांब्या टाकून तो धावला, पण त्याचा हात बटणापर्यंत पोचायच्या आत डब्यातून हळूच तिसरी आली.

"तृप्ते..."

आणि लिंबाखालून पोरीनं ओ दिली. "ओ... आले."

तिनं एक पाय विहिरीच्या काठावर ठेवला होता तेव्हा त्यानं तिला मागून फ्रॉकला धरून ओढलं. दोघंही मातीत पडले. पोर रडली नाही. तिनं बापाला तीन बोटं दाखवली.

"पप्पा, मी मोजल्या. बराबर तीन होत्या."

तिनं सांगितलेलं पाळलं होतं.

सोमेश्वरनं मिक्सर विकून टाकला. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. चतुराबाईनं मात्र मान हलवली. "जाळीनं काय होतंय. पोरीची ओ गेलीये तिच्यापर्यंत." मग तिनं नेमच बदलला. त्या घरात कुणी कुणाला हाक मारायची नाही. तृप्तीला बोलवायचं झालं तर जवळ जायचं आणि खांद्यावर हात ठेवायचा, मुकाट्यानं. जिता हात ऊन असतो, असं आजीनं तिला शिकवलं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. विहिरीकडून एकही हाक आली नाही. माणसं हळूहळू निवांत झाली.

परवाची गोष्ट. चतुराबाई राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलेली. सोमेश्वर ओट्यावर वायरी गुंडाळत होता. ऊन डोक्यावर आलेलं. आत तृप्ती अभ्यास करत होती. ती पाटी-पुस्तक सोडून दारात आली.

"पप्पा, कशाला बोलावलं?"

"मी न्हाई बोलावलं, बाळा. मी हितंच बसलोय."

"मंग आत्ता खांद्याला हात कुणी लावला? गार होता."

त्यानं तिला जवळ ओढलं. फ्रॉकच्या डाव्या खांद्यावर पाच बोटं ओली उमटली होती, आणि त्यांना शेवाळाचा वास येत होता.