‘ळ’चं वळण

बाबांनी उभ्या आयुष्यात एक अक्षर सरळ काढलं नाही. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर जाडजूड, उजवीकडे झुकलेलं, रेघांच्या टोकांना बूट घातल्यासारखे पाय. पाटी पळतेय की काय, अशी दुकानदार थट्टा करत. बाबा म्हणत, पळू दे, गिऱ्हाईक मागे धावेल.

पुढे लेक फाँट बनवायला लागली आणि या थाटाला बोल्ड इटॅलिक सेरिफ म्हणतात, हे घरात कळलं. बाबांना झटका येऊन त्यांची वाचा गेली, तेव्हा तिने उरल्यासुरल्या पाट्यांचे फोटो जमवून त्याच अक्षरांचा फाँट करायला घेतला. बारीक मजकुरात हे अक्षर डोळ्यांत खुपलं असतं. पण एखादाच शब्द ठासून सांगायचा, तिथे त्याला तोड नव्हती. बाबा बोलायचेही तसेच. तिला त्यांची एकच हाक पुन्हा ऐकायची होती. लाडात आले की ते तिला "खुळे" म्हणत.

‘च’ आणि ‘ह’ झाले त्या दुपारी बाबा म्हणाले, "चहा." आई रडली आणि हसलीही. ‘प’ आणि ‘ण’ पुरे झाले, तसं ते पाणी मागू लागले. डॉक्टरांनी योगायोग म्हणून हसण्यावारी नेलं. तिनेही नेलं असतं. पण एकदा तिने ‘र’ची शेपटी जरा आखडली, तर बाबा दिवसभर अर्धा ‘र’ गिळत राहिले. तिने गुपचूप शेपटी परत लांबवली.

शेवटी ‘ळ’ राहिला. फळवाल्याची पाटी कधीच मोडीत गेली होती आणि दुसरीकडे कुठे ‘ळ’ सापडेना. मग तिने तो मनानेच काढला. जाडी बाबांची, झोकही त्यांचाच; वळण मात्र तिच्या हातचं आलं.

बाबांनी खुर्चीतून तिच्याकडे पाहिलं.

"खुळे."

तिला भरून आलं. ‘खु’ बाबांचा होता, भारदस्त. ‘ळे’ नाजूक होता, आणि फारच ओळखीचा.

"काय गं, काही म्हणालीस?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"मी नाही," ती म्हणाली.

बाबांना आता थांबवेना. फळं म्हणाले, बाळ म्हणाले. प्रत्येक शब्दात तेवढं एक अक्षर तिच्या आवाजात येत होतं.

आई हात पुसत दारात आली. "सगळं ठीक आहे ना?"

"हो, सग..."

तिची जीभ वर वळेना.

"...ळं," बाबांनी लेकीचा शब्द मायेने पुरा केला.